मुऱ्यांची शिरगणती

शिरूरमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आहे. पहिले सहा आठवडे तिच्यात एकही मासा नव्हता. तळाला चाळून, पुन्हा पुन्हा धुतलेली बारीक वाळू होती. डाव्या कोपऱ्यात गवतासारखी उंच पाणवनस्पती, मधोमध दोऱ्याने दगडाला बांधलेले शेवाळ, मागच्या काचेला चिकटवलेला स्पंजचा फिल्टर आणि वर आपोआप लागणारा आणि विझणारा दिवा होता. मासे सोडण्याआधी पाण्यात आणि वाळूत जिवाणू वाढावे लागतात, तेच पुढे माशांची घाण पचवतात, आणि या कामाला महिना-दीड महिना जातो. हे मी तीन ठिकाणी पडताळून घेतले होते. एका सूत्राच्या भरवशावर मजकूर सोडायचा नाही ही वृत्तपत्राच्या कचेरीतली सवय घरीही टिकली होती, निदान तोपर्यंत तरी.

चौथ्या आठवड्यात सासरे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आप्पा म्हणते. त्यांचे गाव वरवंडपासून जवळ. घराणे मेंढपाळांचे, पण आता सगळ्यांचा ऊस आणि कांदा. मामांनी मात्र तीसेक मेंढरे हट्टाने ठेवली होती. दौंडला त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, मागे फिरणारे कोणी उरले नाही, आणि मेंढरे विकली गेली. त्यानंतर ते अर्ध्या भाकरीवर आले होते. भूक नाही, एवढेच सांगत.

मामांना शुगर आहे. संध्याकाळची गोळी सव्वासातला आणि जेवण साडेसातला, असे दौंडच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. गोळी घेऊन जेवण लांबले की साखर खाली उतरते. गावी एकदा ती उतरली होती आणि मामा गोठ्याच्या दारात आडवे सापडले होते. त्यामुळे बायकोने बाकी काहीही सोडून द्यायची तयारी ठेवली होती, साडेसात ही वेळ सोडून.

आल्या दिवशी मामा टाकीसमोर उभे राहिले.

"ह्यात काय हाय?"

"अजून काही नाही. पाणी तयार होतंय."

"पाणी तयार होतंय म्हंजी?"

मी जिवाणूंचे सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजी तुम्ही पाणी पाळलंय."

तळमजल्यावर एक म्हातारे शिंपी राहतात. सगळी आळी त्यांना मास्तर म्हणते. मामांशी त्यांची दोन दिवसांत गट्टी जमली. दुसऱ्याच संध्याकाळी मास्तर जिना चढून वर आले आणि चष्मा पुसून टाकीत बघत बसले.

"पावण्यानं पाणी पाळलंय," मामा म्हणाले. "रोज दिवा लावत्यात त्याला."

"गुणी दिसतंय," मास्तर म्हणाले. "जागचं हालत न्हाई."

पुढच्या पंधरवड्यात मास्तरांची सून, मास्तरांची दोन गिऱ्हाइके आणि समोरच्या घरातली एक पाहुणी असे चार जण पाणी पाहून गेले. चहा सगळ्यांना द्यावा लागला.

सातव्या आठवड्यात मी सणसवाडीला गेलो. तिथे एक दुकान अर्धे मोबाईलच्या कव्हरांचे आणि अर्धे माशांचे आहे. मालक कंपनीत कामाला म्हणून बाहेरून आलेला, नंतर कंपनी सोडून या धंद्यात पडला. मला हवे होते ते बोटाच्या दोन पेरांहून लहान, तळाशी राहणारे, मिशीवाले मासे. दुकानात त्यांना लोच म्हणतात. आपल्याकडच्या नद्यांत त्यांची मोठी भावंडे सापडतात, त्यांना मुरी म्हणतात. हे मासे कळपाने राहतात, एकटे-दुकटे ठेवले तर खंगतात, म्हणून मी आठ मागितले. मालकाने जाळी फिरवली, पिशवीत पाणी आणि हवा भरली, रबरबँड आवळला आणि म्हणाला, "लो भैया, आठ पीस." पिशवीला आतून वाफ धरली होती. आत काही तपकिरी दोरे हलताना दिसत होते. मी ते मोजले नाहीत. एसटीत पिशवी मांडीवर धरून शिरूरला आलो.

पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली. मामा खुर्ची ओढून बसले.

"मुरी हाय ही. पोरपणी भीमेत धरून भाजून खायचो. पर ह्या लईच कवळ्या." मग त्यांनी विचारले, "किती हायती?"

"आठ."

मामांनी मान हलवली. पिशवी सोडली. सेकंदाचा आठवा भाग लागला असेल. दोन शेवाळात गेल्या, बाकीच्या गवतात, एक सरळ वाळूत डोके घालून शेपटीपर्यंत नाहीशी झाली. टाकीत पुन्हा नुसते पाणी दिसू लागले.

साडेसात वाजता बायकोने ताटे वाढली. गोळी देऊन झाली होती. मामा खुर्चीवरून उठले नाहीत.

"आप्पा, चला."

"पाच झाल्या. तीन येऊ द्या."

तेव्हा कळले ते असे. मामांच्या घरात मेंढरे संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, घालताना मोजायची आणि मोजणी भरल्याशिवाय जेवायला हात धुवायचा नाही, असा शिरस्ता होता. त्यांच्या वडिलांनी तो पाळला होता आणि त्यांच्याही वडिलांनी. एखादे मेंढरू कमी असताना पोटात घास घातला तर ते परत येत नाही, असे मानत. मेंढरे गेल्यावर मोजायला काही उरले नव्हते, तेव्हा भूकही लागत नव्हती. आता आठ मुऱ्या होत्या.

त्या दिवशी आठवी मुरी पावणेआठला दिसली. मामांनी हात धुतले आणि दोन भाकरी खाल्ल्या. बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिले. महिन्याभरात त्यांनी दुसरी भाकरी मागितली नव्हती. जेवताना त्यांचे तोंड टाकीकडे होते. ताट त्यांनी तसेच फिरवून घेतले होते.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरातले जेवण मुऱ्यांच्या हाती होते. मोजणी कधी सात पस्तीसला भरे, कधी आठला. बायकोने गोळी मोजणीनंतर द्यायचे ठरवले, तर मामा म्हणाले, "डॉक्टरनं सव्वासात लिवलंय. आपण कागद मोडायचा न्हाई." कागदही मोडायचा नव्हता आणि शिरस्ताही. या दोन्हींच्या मधल्या वेळात मामांच्या पोटात नुसती गोळी असे.

उपाय सुरू झाले. तळाशी बुडणारी खाद्याची गोळी टाकली की मुऱ्या बाहेर येतात, हे मी वाचले होते. ती मी साडेसातला टाकू लागलो. मामांनी त्याला जोड म्हणून काचेजवळ तोंड नेऊन "हर्रर्र, हर्रर्र" अशी हाळी द्यायला सुरुवात केली. मुऱ्या बाहेर आल्या. त्या खाद्याला आल्या, असे मी म्हणालो.

"व्हय का? उद्या नुसती गोळी टाका," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नुसती गोळी टाकली. तीनच आल्या. मामांनी हाळी दिली, आणखी चार आल्या.

मास्तरही संध्याकाळी वर येऊन बसू लागले. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, असा त्यांचा दावा होता, त्यामुळे मोजणीत ते स्वतःला अधिकारी समजत.

"सहा."

"पाच. त्यो काडीचा तुकडा हाय."

"काडीला मिशी असते काय?"

"तुम्ही कापडं मोजा, मास्तर. जितराबातलं तुम्हाला कळायचं न्हाई."

"अहो, माझं कापड तरी जिथं ठेवलं तिथं सापडतं!"

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "मी रोज चाळीस पोरांची हजेरी घेते. एकही पोरगं वाळूत शिरत नाही." तिने मामांना सुचवले की सकाळी मोजा आणि संध्याकाळी तोच आकडा धरा. मामांनी तिला विचारले, सकाळची हजेरी घेऊन ती संध्याकाळी पोरे घरी पोचली असे धरते का.

याच काळात डाव्या कोपऱ्यातले गवत पिवळे पडले. मामांनी कारण तिथल्या तिथे सांगितले. मेंढरे रात्रभर ज्या रानात बसवतात, त्या रानाला लेंडीखत मिळते. शेतकरी त्यासाठी मेंढपाळाला बोलावून नेतात. मुऱ्या उजवीकडे शेवाळात बसत होत्या, म्हणून डावीकडच्या रानाला खत मिळत नव्हते.

"तिकडं बसवा की त्यांना चार दिस."

मास्तरांनी मच्छरदाणीच्या तुकड्याला चारी बाजूंनी दुहेरी पट्टी मारून एक वाघर शिवून दिली. मापे त्यांनी टेपने टाकीवर घेतली. ती आम्ही टाकीच्या मधोमध आडवी लावली आणि मुऱ्यांना डावीकडे हाकलायला दोघे म्हातारे अर्धा तास काचेवर बोटे फिरवत होते. मुऱ्या वाघरीच्या खालून वाळूतून पलीकडे गेल्या. चार दिवस रोज हेच झाले. पुढच्या आठवड्यात गवत हिरवे झाले आणि मामांनी मास्तरांना चहा पाजला. मी दरम्यान त्या कोपऱ्यात वाळूखाली खताची एक गोळी पुरली होती. ती बातमी मी दिली नाही.

मामा मुऱ्या ओळखू लागले होते. एकीच्या शेपटीचा कोपरा तुटला होता, ती खांडी. एक गडद, ती काळी. एक सगळ्यांच्या मागून यायची, ती म्हातारी. एकीच्या गळ्याजवळ ठिपका, एक पोटाने मोठी. उरलेल्या सारख्याच दिसत, त्यांना ते नुसते "बारक्या" म्हणत. बारक्यांचाच घोळ व्हायचा. कधी दोन दिसत, कधी तीन. एक-दोनदा चार दिसल्या, तेव्हा मामांनी डोळे चोळले आणि एक दोनदा मोजली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी खोटे बोललो. सात पन्नास झाले होते. मोजणी सातवर अडली होती. मामांचे लक्ष खिडकीकडे गेले तेवढ्यात मी म्हणालो, "आली. आठ झाल्या."

"कंची?"

"ती. गवतामागं गेली."

"म्हातारी राहिली व्हती. म्हातारी हुती का?"

"हो, म्हातारीच."

मामांनी टाकीकडे बोट केले. म्हातारी दगडाच्या पुढ्यात, दिव्याखाली, वाळू उपसत बसली होती.

"ही मगाधरनं हितंच हाय," ते म्हणाले. "राहिलीया बारकी. मी मुद्दाम म्हातारी म्हणालो."

त्या दिवशी आठवी आठ वाजून पाच मिनिटांनी दिसली. संध्याकाळच्या मोजणीत माझे म्हणणे त्यानंतर मामांनी कधी विचारात घेतले नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मोजणी भरेचना. खांडी, काळी, ठिपक्याची, पोटाची, दोन बारक्या. सहा. आठ वाजून गेले. खाद्य टाकून झाले, हाळी देऊन झाली. मास्तर बाजूला बसले होते, तेच आधी म्हणाले, "अहो, ह्यांचा हात बघा." मामांचा काचेवर टेकलेला हात थरथरत होता. कपाळावर घाम होता. बायको साखरेचा डबाच घेऊन धावली. तिने पाण्यात साखर घालून पेला पुढे केला, मामांनी तो घेतला नाही.

"घासबी न्हाई, घोटबी न्हाई. सहाच हायती."

"आप्पा, पाण्यालाही शिरस्ता आहे का?"

"साकर घातली की त्ये पाणी न्हाई."

बायकोने पेला त्यांच्या ओठाला लावला आणि ज्या आवाजात ती वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "प्या." ते प्याले. पंधरा मिनिटांनी हात थांबला. म्हातारी आणि एक बारकी साडेआठला वर आल्या, तेव्हा मामा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मोजले, आठ म्हणाले आणि अर्धी भाकरी खाल्ली.

ताटे उचलल्यावर बायको माझ्याशी बोलली. आवाज खाली होता. "उद्या एक तर हे मासे जातील, नाहीतर हा आकडा एकदाचा मिटेल. मला आप्पा पुन्हा आडवे पडलेले बघायचे नाहीत."

मी मामांना विचारले, गावी मोजणीबद्दल वाद झाला तर काय करत.

"समदी मेंढरं वाघरीबाहेर काढायची," ते म्हणाले. "आन् एकएक करून आत घ्यायची. पंच उभा करून."

रविवारी सकाळी नऊ वाजता मुऱ्यांची शिरगणती झाली. पंच म्हणून मास्तर हजर होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आधी मी नळीने निम्मे पाणी बादलीत उतरवले. मग दगड काढला, शेवाळाचा दोरा सोडवला, गवत मुळासकट उपटून वर्तमानपत्रावर पसरले. सहा आठवडे पाणी पाळून आणि तीन-चार आठवडे रान राखून जे उभे राहिले होते ते पाऊण तासात ओट्यावर आले. स्टीलच्या मोठ्या भगुण्यात टाकीतलेच पाणी घेतले. बायकोने चहाची नवी गाळणी दिली.

मी मुरी गाळणीत धरायची, मामांना दाखवायची, मामा ओळख सांगणार, मास्तर मोठ्याने आकडा म्हणणार आणि मग ती भगुण्यात जाणार, असे ठरले.

"खांडी."

"एक!"

"काळी."

"दोन!"

म्हातारी पाचवी निघाली. वाळू हाताने चाळून काढल्यावर पहिली बारकी मिळाली, मग दुसरी, मग तिसरी. मास्तरांनी "आठ" असे म्हटले तेव्हा बायकोने श्वास सोडला. मामांनी भगुण्यात वाकून एकदा मोजले आणि कंबर सरळ केली. काम झाले होते. धुवायला म्हणून मी फिल्टर काचेवरून सोडवला आणि त्याचा स्पंज बादलीत पिळणार एवढ्यात मामांनी मनगट धरले.

"थांबा. त्यात हालतंय."

स्पंजच्या आणि नळीच्या फटीतून एक मिशी बाहेर आली, मग डोके. बारकी होती, पण चांगली पोसलेली. फिल्टरला अडकणारे सगळे तिने खाल्ले असावे. मी ती गाळणीत घेतली. मास्तरांनी मामांकडे पाहिले, मामांनी माझ्याकडे.

"नऊ," मास्तर म्हणाले. ओरडून नाही.

बायकोने विचारले, पिल्लू झाले असेल का. एवढ्यात एवढे मोठे पिल्लू होत नाही, असे मी सांगितले. मग मी सणसवाडीच्या दुकानात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून स्पीकर चालू केला.

"हाँ भैया, आठ बोला था ना आपने," मालक म्हणाला. "तो एक ऊपर से डाला था. रास्ते में एखादी मरते. सबको डालते हैं."

भाजीवाली जुडीवर जुडी घालते तसा एक मासा वर आला होता. मामांना अधूनमधून दिसणारी चौथी बारकी खरी होती. डोळे चोळून त्यांनी ती खोडली होती, कारण मी आठ म्हणालो होतो.

"पावणं," मामा म्हणाले, "तुम्ही पिशवीत मोजल्या व्हत्या का?"

"नाही. त्यानं आठ सांगितल्या."

"आन् पेपरातबी आसंच छापता व्हय?"

मास्तर हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.

दुपारपर्यंत टाकी पुन्हा लावली. गवत तिरके लागले आणि शेवाळाचा दगड आधीच्या जागेपासून चार बोटे सरकला. वाळू ढवळल्यामुळे पाणी गढूळ दिसत होते. मुऱ्या भगुण्यातून सोडल्या तेव्हा नवव्या गाळणीला मामांनी मास्तरांचा हात दाबला. बाकी त्यांनी काही केले नाही.

संध्याकाळी सव्वासातला गोळी झाली. मामा खुर्चीवर बसले. गढूळ पाण्यात काळी दिसली, खांडी दिसली, एक बारकी दिसली. सात सत्तावीसला ते उठले आणि मोरीकडे हात धुवायला गेले. बायको हातात ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"आप्पा, नऊ झाल्या?"

"तीन दिसल्या."

"मग?"

"नऊ हायती. मी मोजल्यात, पंच हुता. आदी पावण्यांचा आकडा व्हता म्हणून रोज बसावं लागत हुतं. ह्यो माझा हाय."

ते पाटावर बसले. ताट त्यांनी पूर्वीसारखे फिरवून घेतले नाही. टाकीकडे पाठ करून त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मोडून घेतली, आणि मागे पाण्यात काय चालले आहे ते एकदाही वळून पाहिले नाही.